ही वायर कशाची?

घरोघरी मातीच्या चुली ही म्हण आता बदलायला हवी. चुली गेल्या, गॅस आला, काही घरांत इंडक्शनही आलं. आता 'घरोघरी वायरींचे गुंते' हेच खरं. घर कोणाचंही असो, दिवाणखान्यातला सोफा कितीही किमती असो, टीव्हीच्या मागे मान घालून बघितलं की सगळे सारखेच. जगात बाकी कुठे समता आली असेल नसेल, टीव्हीच्या मागे मात्र ती पूर्णपणे आलेली आहे. :-)

आणि त्या गुंत्यापाशी उभं राहून प्रत्येक घरात एक ठरलेला संवाद होतो.

"ही वायर कशाची?"

"काय माहीत. राहू दे, हात लावू नकोस."

या विषयावर बरेच दिवस लिहायचं मनात होतं. कारण वायरींचा विषय निघाला की लोक लगेच टापटिपीवर घसरतात. वायर कशी छान गुंडाळावी, कुठल्या खोक्यात लपवावी, भिंतीच्या रंगाची पट्टी कुठे मिळते वगैरे वगैरे. ते सगळं ठीकच आहे. पण मला विचाराल तर वायरी आवरणं हा दिसण्याचा प्रश्नच नाही. तो वरच्या दोन वाक्यांचा प्रश्न आहे. ज्या घरात "ही वायर कशाची?" याचं उत्तर कोणालाही देता येतं, ते घर आवरलेलं. मग वायरी उघड्यावर दिसत असल्या तरी बिघडत नाही. आणि जिथे ते उत्तर एकाच माणसाच्या डोक्यात असतं, किंवा कोणाच्याच नसतं, ते घर कितीही चकाचक असलं तरी आवरलेलं नाही. नुसतं झाकलेलं आहे.

आता आधी गुंत्याची बाजू घेतो, कारण त्याची बाजू कोणी घेत नाही. गुंता होतो कसा यावर चक्क संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी एका खोक्यात दोरी टाकली आणि ते खोकं गरागरा फिरवलं. एकदा दोनदा नव्हे, तीन हजारांहून जास्त वेळा! २००७ साली त्यांचा निबंध छापून आला आणि २००८ साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसायला लावणारं आणि मग विचार करायला लावणारं ते गमतीदार बक्षीस. त्यांना दिसलं ते असं की गाठी काही सेकंदांत पडतात, आणि दोरी जितकी लांब तितकी गाठ पडण्याची शक्यता वाढत जाते (अर्थात एका मर्यादेपर्यंत). ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला मात्र गाठ पडलीच नाही.

म्हणजे गुंता हा कोणाच्या आळशीपणाचा पुरावा नाही. लांब आणि मोकळी दोरी हलत राहिली की ती गुंतणारच. उपायही त्यातच आला. एकतर वायर आखूड ठेवा, नाहीतर मोकळी सोडू नका. बाकी ओरडाआरडा करून उपयोग नाही.

दुसरं कारण आपल्या घरांच्या बांधणीत आहे. ऐंशीच्या दशकातला एखादा वन रूम किचन आठवून बघा. खोलीला एक बोर्ड. त्यावर ट्यूबचं बटण, पंख्याचं बटण, रेग्युलेटर आणि एकच पाच अँपिअरचा प्लग. त्यात दिवसा रेडिओ आणि सकाळी इस्त्री. संपलं. आज त्याच खोलीत टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, फायबरचा डबा, त्याचा छोटा यूपीएस, लॅपटॉप, माणशी एक फोन आणि कोणाचं तरी घड्याळ. प्लग मात्र तोच आणि तिथेच, दाराच्या मागे. मग एक्स्टेन्शन येतं. मग त्या एक्स्टेन्शनमध्ये दुसरं एक्स्टेन्शन. सोय करता करता संसार वाढतो तसं हे वाढत जातं.

आणि वायरींच्या बाबतीत एक मोठी गंमत अशी की नवीन वायर टाकायला माणूस येतो, जुनी काढायला कोणीच येत नाही. नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला तेव्हा या गच्चीवरून त्या गच्चीवर, आंब्याच्या फांदीवरून, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून ती काळी वायर घरात शिरली. मग कोणी डिश लावली, तिची वेगळी वायर. मग ब्रॉडबँड, फोनच्या तारेतून. मग दुसरा नेटवाला. मग फायबर. प्रत्येकाने आपापली वायर आणली आणि आधीच्याची तशीच लोंबकळत सोडली. आज कुठल्याही जुन्या सोसायटीच्या जिन्यात वर बघा. मनगटाएवढा जुडगा दिसेल आणि त्यातल्या कितीतरी वायरी केव्हाच मेलेल्या असतील. पण कुठल्या मेल्या आणि कुठल्या जिवंत हे कोणालाच माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच अभय.

अमेरिकेच्या विद्युत संहितेत २००२ सालापासून नियम आहे की हात पोचेल अशा ठिकाणच्या टाकून दिलेल्या टेलिफोन-इंटरनेटच्या केबली काढून टाकल्या पाहिजेत. कारण साधं आहे. वायरीचं वरचं आवरण प्लॅस्टिकचं असतं, आग लागली की ते जळतं आणि धूर करतं. मेलेली वायर वीज वाहत नाही, पण आग वाहू शकते. आपल्या जिन्यातला जुडगा म्हणजे पळून जायच्या वाटेवरच रचून ठेवलेलं सरपण आहे. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर आणि पार्किंगवर दोन दोन तास भांडणं होतात. या जुडग्यावर कोणी बोलल्याचं ऐकलंय का?

आता झाकण्याकडे येतो.

हल्ली घर नव्याने करून घेणाऱ्या प्रत्येकाचा हट्ट असतो, "एकही वायर दिसता कामा नये." मग टीव्हीच्या मागे लाकडी पॅनेल येतं, सगळ्या वायरी त्याच्या पोटात जातात आणि पॅनेल स्क्रू मारून बंद. पहिल्या दिवशी पाहुणे वा वा करतात. सहा महिन्यांनी एक वायर बिघडते. मग सुतार बोलवा, पॅनेल उघडा, आणि आत बघितलं तर तोच गुंता, फक्त अंधारात. सतरंजीखालून जाणारी वायर ही याचीच गरीब बहीण. तिच्यावरून रोज माणसं चालतात, खुर्चीचे पाय फिरतात, आवरण कुठे झिजलंय ते दिसायची सोय नाही.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत पट्टीवरचं वायरिंग असायचं. भिंतीवर सरळ लाकडी पट्टी, तिच्यावर क्लिपांनी बसवलेली वायर, आणि काळी गोल बटणं. दिसायला काही फार सुंदर नव्हतं. पण वायरमन खोलीत आला की नुसत्या नजरेने वाचू शकायचा: ही बटणाकडून आली, इथे वळली, ही पंख्याकडे गेली. आता सगळं भिंतीच्या पोटात. फोटो लावायला खिळा ठोकायचा तर देवाचं नाव घेऊन ठोकायचा. मी काही पट्टीचं वायरिंग परत आणा म्हणत नाही. पण घराचं काम चालू असताना, पाइप टाकून झाले आणि प्लॅस्टर व्हायचं आहे त्या दिवशी, प्रत्येक भिंतीचा एक फोटो काढून ठेवायला काय खर्च येतो? बाजूला मोजपट्टी धरून काढला तर उत्तमच. घराच्या नकाशाबरोबर तो फोटो फाइलला लावा. वीस वर्षांनी कोणीतरी तुम्हाला दुवा देईल.

दिसण्यातली टापटीप आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधीकधी तर त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. उदाहरणार्थ, जास्तीची वायर छान गोल गुंडाळून, घट्ट बांधून ठेवणं. फोनच्या चार्जरची असेल तर खुशाल गुंडाळा. पण रूम हीटरला लावलेलं एक्स्टेन्शन तसं गुंडाळलेलं असेल तर ते धोक्याचं. वायरीतून वीज गेली की वायर थोडी गरम होते, आणि ही उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. मोकळ्या वायरीची उष्णता हवेत निघून जाते. वेटोळ्यात एक वेढा दुसऱ्याला तापवतो, बाहेर जायला वाटच नाही. म्हणून तर रीळवाल्या एक्स्टेन्शनवर दोन आकडे लिहिलेले असतात, गुंडाळलेलं असताना किती वॅट चालतील आणि पूर्ण उलगडल्यावर किती.

जरा हिशोब करून बघू. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. साधा छोटा प्लग ६ अँपिअरचा. म्हणजे २३० गुणिले ६, साधारण १३८० वॅट. त्यावर एका एक्स्टेन्शनमध्ये १००० वॅटची इस्त्री आणि १५०० वॅटची किटली एकदम चालू केली की झाले २५०० वॅट, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. एक्स्टेन्शनला भोकं चार आहेत म्हणून त्यात चार वस्तू मावतात, ताकद मावत नाही. "पण एमसीबी पडेल की!" असं कोणी म्हणेल. तो पडेलच असं नाही. पॅनेलमधला एमसीबी हा भिंतीतल्या जाड वायरीचा पहारेकरी आहे. त्याचा आकडा बऱ्याचदा १६ अँपिअरचा असतो. तुमच्या बारक्या एक्स्टेन्शनला ११ अँपिअर झेपत नाहीत हे त्याला कुठून कळणार? त्याच्या हिशोबाने सगळं आलबेल आहे. आणि माणसाला शॉक बसू नये म्हणून जे यंत्र असतं ते वेगळंच, ३० मिलीअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारं. ते आपल्या घरात आहे का, हे एकदा पॅनेल उघडून बघून घ्या.

हे सगळं झालं तांत्रिक. पण मला हा विषय खरा उमगला तो नाशिकला, मामांकडे.

माझ्या मामांना २०२१ पासून रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. घरात मामा आणि मामी दोघंच. मामेभाऊ कॅनडात. त्याने जाण्याआधी सगळी सोय करून दिली होती. पलंगाच्या मागे एक लांब बोर्ड, त्यावर टेबल लॅम्प, मच्छरांचं मशीन, फोनचा चार्जर आणि कॉन्सन्ट्रेटर. एका रात्री मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने आपला फोन काढून घेतला आणि चांगल्या सवयीने बटण बंद केलं. शेजारचं! नशीब, त्या मशीनला वीज गेली की ओरडायची सोय आहे. मामींना जाग आली, त्यांनी धावत जाऊन सगळीच बटणं चालू केली. काही झालं नाही. पण त्या रात्री नंतर कोणी झोपलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मामेभावाचा फोन. "आई, मशीनचा प्लग त्या बोर्डातून काढ आणि सरळ भिंतीत लाव."

"कुठला रे? काळ्या वायरी तीन आहेत."

"जाड आहे ती."

"दोन जाड आहेत."

"अगं, उजवीकडून दुसरी."

"माझ्या उजवीकडून की मशीनच्या?"

असं वीस मिनिटं चाललं. त्याचं चुकत नव्हतं, मामींचंही चुकत नव्हतं. घराचं वायरिंग टोरांटोत होतं आणि मशीन नाशिकात, एवढंच. शेवटी कामाच्या मावशींनी पलंग ओढला, त्या रोज त्याखालून केर काढतात, आणि म्हणाल्या, "ही बघा, ही मशीनची." त्यांनी बोटाने वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, मामींकडून देवघरातला लाल दोरा मागून घेतला आणि दोन्ही टोकांना बांधून टाकला. मामींनी भिंतीतल्या प्लगाशेजारी कागद चिकटवला, 'मामांचे मशीन. बंद करू नये.' झालं. दोन मिनिटांचं काम.

मला त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, वायरी टाकतो एक आणि त्यांच्याखालून केर काढतो दुसरा, आणि या दुसऱ्याला कोणी काही विचारत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत वायरी ही पुरुषांची मिरवायची विद्या आणि केर हे बायकांचं काम. खरं तर घरात जो वायर टाकतो त्याला महिनाभर तिच्याखालून केर काढायला लावलं पाहिजे. निम्म्या वायरी आपोआप जमिनीवरून उचलून भिंतीला लागतील. दुसरी गोष्ट म्हणजे तो लाल दोरा. त्या पलंगामागे आजही वायरी दिसतात. दिसायला काही तो कोपरा मासिकात छापण्यासारखा नाही. पण आता रात्री दोन वाजता, चष्मा न लावता, नवखा माणूससुद्धा सांगू शकेल की ही वायर कशाची.

गंमत म्हणजे मावशींनी जे दोऱ्याने केलं तेच विमानवाल्यांना फार मोठी किंमत मोजून शिकावं लागलं. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं टीडब्ल्यूए ८०० हे विमान हवेत फुटलं, २३० माणसं गेली. चौकशीत निष्कर्ष निघाला की इंधनाच्या टाकीत स्फोट झाला आणि त्याचं सर्वात संभाव्य कारण टाकीबाहेरच्या वायरिंगमधला शॉर्ट सर्किट. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअर १११ कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. तिथे कॉकपिटच्या वरच्या पोकळीत ठिणगी पडून आग लागली होती, आणि तपासात प्रवाशांच्या करमणुकीच्या यंत्रणेच्या वायरीकडे बोट गेलं. तोपर्यंत वायर म्हणजे दोन महत्त्वाच्या वस्तूंच्या मधली किरकोळ गोष्ट असं धरलं जायचं. २००७ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने नियम केले आणि विमानातल्या सगळ्या वायरींना मिळून इंजिनासारखीच एक स्वतंत्र यंत्रणा मानलं. त्या नियमांत वायरी वेगळ्या ठेवणं आहे, तपासणं आहे, आणि वायर ओळखता आली पाहिजे हेही आहे. म्हणजे लाल दोरा!

हापिसात याच गोष्टीला पैशाची भाषा येते. एका ओळखीच्यांचं ऑफिस एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवायचं होतं. जुन्या जागी कपाटात ४८ निळ्या वायरी, छान पिळून, टायने आवळून लावलेल्या. फोटो काढावा इतक्या सुरेख. नाव मात्र एकीवरही नाही. नेटवर्कचा पोरगा एका टोकाला आवाज सोडणारं यंत्र लावी आणि दुसऱ्या टोकाला वायरींच्या जुडग्यात ऐकत बसे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. पूर्ण दिवस गेला. अशा कामाचे जे ठरीव नियम आहेत त्यात सांगितलंय की नाव दोन्ही टोकांना हवं. एकाच टोकाला नाव म्हणजे पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा आणि ज्याला पाठवायचं त्याचा विसरायचा.

आवळण्यावरून आठवलं. ते प्लॅस्टिकचे टाय असतात ना, एकदा ओढले की परत न सुटणारे, ते मुळात विमानांसाठीच निघाले. पूर्वी विमानातल्या वायरी मेणाच्या दोऱ्याने हाताने गाठी मारून बांधायचे, बोटांना घट्टे पडायचे. ते बघून मॉरस लोगन नावाच्या माणसाने हा टाय काढला, १९५८ साली पेटंटसाठी अर्ज केला. विमानात तो शोभतो, कारण तिथे रोज उठून वायरी बदलायच्या नसतात. घरात आणि ऑफिसात मात्र दर सहा महिन्यांनी काहीतरी बदलतं. मग तो टाय कात्रीने कापावा लागतो, आणि कापताना शेजारच्या वायरीलाही कात्री लागते. शिवाय नेटवर्कच्या केबलीत पिळलेल्या तारांच्या जोड्या असतात, त्या पिळावरच तिचं काम चालतं. फार आवळली किंवा कोपऱ्यात कचकन मोडून वळवली की तो पीळ बिघडतो. तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा तिला जास्त वळवू नये असा नियम आहे. म्हणून मी व्हेल्क्रोच्या बाजूचा. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी बिया बघून तो सुचला. सुटतो आणि परत लागतो. वायर बांधताना ती कधीतरी सोडायची आहे हे लक्षात ठेवून बांधणं, यालाच मी आवरणं म्हणतो. आणि व्हेल्क्रो नसेल तर सुती कापडाची चिंधीही चालते. गणपतीत मांडवाच्या लायटिंगवाल्यांचे बिंडे बघा, किती वर्षं वापरतात ते!

यावर माझ्या इंजिनियर मित्रांचं एक ठरलेलं म्हणणं असतं. "चालतंय ना? मग हात लावू नकोस." यात तथ्य आहे, नाही असं नाही. चालू असलेल्या गोष्टीला उगाच ढवळू नये. पण जरा विचार करा, हात लावायची भीती का वाटते? कारण कशाला काय जोडलंय ते माहीत नाही म्हणून. म्हणजे हे शहाणपण नाही, अज्ञानाला दिलेलं सभ्य नाव आहे. वायरींना नावं असतील तर हात लावायला भीती कसली?

दुसरे म्हणतात, "आता सगळं वायरलेस होणार." होऊ दे बापडं. पण वायरलेस म्हणवणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर एक चार्जर येतो आणि त्याला वायर असते. इअरफोनची वायर गेली आणि इअरफोनच्या डबीची आली. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला एकच टाइप-सी चार्जिंगचं तोंड सक्तीचं केलं, ते फार चांगलं झालं. पण तोंड सारखं झालं म्हणून वायर सारखी झाली नाही. एक टाइप-सी वायर ६० वॅटपर्यंतच नेते, दुसरी २४० वॅट नेते. एक फोटो भराभर पाठवते, दुसरी मुंगीच्या पावलाने. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. पूर्वी निदान तोंड बघून कळायचं, आता तेही नाही. म्हणजे नाव लिहायची गरज कमी झाली नाही, वाढली.

आता एवढं वाचलंच आहेत तर एक विनंती करतो, विशेषतः आपल्या नात्यातल्या मंडळींना, ज्यांचे आईवडील एका गावात आणि आपण दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या देशात आहोत. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा नवीन वस्तू एक कमी न्या आणि एक दुपार द्या. कागदी चिकटपट्टी आणि पक्क्या शाईचं पेन, एवढंच सामान. वीज बंद करून एकेक वायर दोन्ही टोकांना नाव लिहून टाका, मराठीत, मोठ्या अक्षरात. 'टीव्ही'. 'इंटरनेट, ही काढायची नाही'. 'पाण्याचा फिल्टर'. पॅनेलमधल्या खटक्यांनाही लिहा, कुठला कुठल्या खोलीचा. चालण्याच्या वाटेवरची वायर भिंतीच्या कडेने क्लिपा मारून घ्या, कारण म्हातारपणी पाय अडकून पडलेलं माणूस पुन्हा तसं चालेलच असं नसतं. जिचं उत्तर कोणालाच देता आलं नाही ती वायर काढून एका पिशवीत ठेवा, त्यावर तारीख घाला, आणि वर्षभरात कोणी विचारलं नाही तर ई-कचऱ्यात द्या. गीझर, हीटर, इस्त्री आणि औषधपाण्याचं कुठलंही मशीन थेट भिंतीतल्या योग्य प्लगात. एक्स्टेन्शन फक्त हलक्या वस्तूंना.

आणि हे करताना आईला शेजारी बसवा. घरात कामाला कोणी येत असेल तर त्यांनाही. नावं त्यांना विचारून लिहा, म्हणजे ते ज्याला 'नेटचा डबा' म्हणतात तिथे तुम्ही 'राउटर' लिहून येणार नाही.

आपण किती गोष्टी अशा एकट्याच्या डोक्यात ठेवून हिंडतो! बँकेची खाती, पाण्याचा मुख्य कॉक, सोसायटीची फाइल आणि या वायरी. माणूस घरातला कर्ता असतो तोवर त्याचा त्याला अभिमानही वाटतो, माझ्यावाचून अडतं म्हणून. पण आपल्यावाचून अडणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. आपण नसताना अंधारात कोणाचा हात चुकीच्या बटणावर जाऊ नये, एवढी सोय करून ठेवणं हे त्याहून मोठं.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. ४६ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की गुंता होतो म्हणतात, तेव्हा इथेच थांबतो. :-)